भावाच्या दुकानातले चेंडू

फुटलेला चेंडू डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. धडधाकट चेंडू टेबलावर टणकन वाजतो. तडा गेलेला घसा बसल्यासारखा खरखरतो. त्या सकाळी हॉलमधली सहाही टेबलं चालू होती, खालच्या मजल्यावर छापखान्याचं मशीन धडधडत होतं, तरी कोपऱ्यातल्या टेबलावरची खरखर ताईंनी बरोबर पकडली.

“थांबा!”

सगळे थांबले. ताईंनी ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, हे या हॉलमध्ये पहिल्या दिवशीच शिकतात; बॅट कशी धरायची ते नंतर. पाठीमागे सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणतात. ताईंना हे ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

कोपऱ्यातली उंच मुलगी चेंडू घेऊन आली. ताईंनी तो दोन अंगठ्यांत धरून हलकेच दाबला. चेंडूच्या दोन वाट्या जिथे जोडलेल्या असतात त्या रेघेवर केसाएवढी चीर उघडली आणि मिटली.

“काल काढला होता ना डब्यातून?”

“हो ताई. आज सकाळपासूनचा हा चौथा.”

ताईंनी तो चेंडू खिडकीखालच्या बादलीत फेकला. ती बादली मुळात गळक्या छतासाठी आणलेली. छत दुरुस्त झालं आणि बादलीला हे नवं काम लागलं. फुटक्या चेंडूंनी ती काठोकाठ भरत आली होती, आणि तिच्याकडे बघितलं की ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण त्या बादलीतला एकूण एक चेंडू त्यांच्या सख्ख्या भावाच्या दुकानातून आलेला होता.

ताईंना रागही वडिलांकडून मिळाला आणि टेबल टेनिसही. वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. दुकान बंद केलं की इस्त्रीच्या लांबलचक टेबलावरचे कपडे बाजूला व्हायचे, मधोमध एका चादरीची घट्ट गुंडाळी जाळी म्हणून ठेवली जायची, आणि वडील, ताई आणि धाकटा असे तिघं आळीपाळीने खेळायचे. वडिलांना मळका शर्ट जसा सहन व्हायचा नाही तसा मळका चेंडूही. डाग काढायला दुकानात पांढरं पेट्रोल असायचंच. मऊ फडक्यावर त्याचे थेंब टाकायचे, चेंडू फडक्यात धरून गोल गोल फिरवायचा, की तो नुकत्याच घासलेल्या दातांसारखा चमकायचा. धाकट्याला त्या वासाने मळमळायचं. तो बाहेर पायरीवर जाऊन बसायचा आणि झालं का, झालं का, असं तिथून विचारत राहायचा. म्हणून पुसायचं काम ताईंचं. ते त्यांनी वडील गेल्यावरही सोडलं नाही. हॉलच्या कपाटात पांढऱ्या पेट्रोलची बाटली आणि फडकं असायचंच, आणि नवा डबा उघडला की चेंडू पुसल्याशिवाय टेबलावर जायचा नाही.

पुढे ताई खेळल्या, जिंकल्या, हरल्या, ज्यांच्याकडून हरल्या त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलल्या नाहीत, आणि शेवटी या हॉलमध्ये शिकवायला लागल्या. धाकट्याला खेळात गती नव्हती, पण खेळाच्या सामानाची माया होती. त्याने बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत खेळाच्या साहित्याचं दुकान काढलं. बॅटला रबर चिकटवून द्यायचं, जाळीची दोरी बदलून द्यायची, पोरांना बूट घालून दुकानभर उड्या मारू द्यायच्या, असा त्याचा कारभार. आवाज चढवणं त्याला माहीतच नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हा आपला शरमेने लाल. हॉलचे चेंडू त्याच्याकडून यायचे, यात ठरवण्यासारखं कुणाला काही वाटलंच नव्हतं.

जगभर सेल्युलॉइडचे चेंडू बंद होऊन प्लास्टिकचे आले, तेव्हा ताईंनी जी आदळआपट केली ती ऐकायला छापखान्यातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली होती. “याला वास नाही! उसळी नुसती वर, फिरकी नावाला! हा चेंडू आहे की बाटलीचं झाकण?” धाकट्याने काही न बोलता जिथून मिळतील तिथून जुने चेंडू गोळा केले आणि पेट्या भरून ताईंसाठी बाजूला ठेवले. दुसऱ्या कुणाला त्यातला एक दिला नाही. त्या पेट्या संपेपर्यंत, म्हणजे बरीच वर्षं, ताईंना प्लास्टिकचं तोंड बघावं लागलं नाही.

मग पेट्या संपल्या. धाकट्याने बाजारातले सगळे प्लास्टिकचे चेंडू मागवले. एकेक टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवून बघितला, डुगडुगतो का ते पाहिलं, अंगठ्याने सगळीकडून दाबून बघितला, आणि त्यातला सगळ्यात गोल, सगळ्यात कडक निवडून म्हणाला, “ताई, हा घे. याच्यावर मी माझं नाव लावतो.”

आणि तोच फुटायला लागला.

आधी आठवड्यातून एखादा, मग रोज. ताईंनी सुरुवातीला दोष पोरांना दिला: “टेबल टेनिस खेळताय की नारळ फोडताय?” मग हवेला दिला, मग टेबलांच्या कडांना. भावाचं नाव त्यांनी काही दिवस घशाखाली दाबून धरलं. पण हॉलला एक सेक्रेटरी आहेत. आवाज लोण्यासारखा, आणि त्या लोण्यात टाचणी. त्यांनी दुसऱ्या एका दुकानदाराकडून त्याच्या चेंडूंचे नमुन्याचे डबे मागवले आणि ताईंच्या टेबलावर ठेवले. “बघा ताई, हेही वापरून बघा. तुलना केलेली बरी.”

तुलना झाली. दोन टोपल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत धाकट्याचे चेंडू, ताईंनी स्वतः पुसून चकचकीत केलेले, कारण घरचा माल चारचौघांत कळकट दिसायला नको. दुसरीत परक्या दुकानदाराचे, डब्यातून जसे निघाले तसे, अंगावर पांढरी भुकटी असलेले. त्याला कोण लाडाने पुसत बसणार! मुलं दोन्ही टोपल्यांतून घेऊन खेळली. आठवडा संपला तेव्हा बादलीत सगळे धाकट्याचे होते. परक्याचा एकही नव्हता.

तरी ताई गप्प बसल्या असत्या कदाचित. पण शाळाशाळांच्या स्पर्धेची फायनल त्यांच्याच हॉलमध्ये होती, आणि त्यांची ती उंच मुलगी शेवटच्या पॉइंटपर्यंत आली होती. तिने असा काही फटका मारला की समोरच्या पोरीची बॅट हवेतच राहिली. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. पंचांनी चेंडू उचलला, कानाशी नेऊन हलवला, आणि हात वर केला. धाकट्याच्या दुकानातला तो चेंडू खेळता खेळताच फुटला होता. नियमाप्रमाणे पॉइंट पुन्हा. पुन्हा खेळताना उंच मुलीने चेंडू जाळीत मारला, तो पॉइंट गेला, मग पुढचा, मग सामना.

ती मुलगी रडली नाही. ताईंसमोर रडायची कुणाची छाती होती! ती नुसती बॅटच्या कडेची पट्टी नखाने सोलत बसली. ताई तिच्याशेजारी बसल्या होत्या, तेवढ्यात सेक्रेटरी मागून आले आणि सगळ्या पालकांना ऐकू जाईल अशा बेताने हळू म्हणाले, “जाऊ द्या ताई. घरचंच दुकान म्हटल्यावर चालायचंच. आम्ही समजून घेतो.”

समजून घेतो! ताईंनी आयुष्यात हॉलची पेन्सिलसुद्धा घरी नेली नव्हती. स्वतःच्या भाचीला हॉलच्या संघात घेतलं नाही म्हणून भावजयीचं तोंड महिनाभर वाकडं होतं. आणि हा लोण्याचा गोळा पालकांसमोर त्यांना समजून घेत होता. ताईंच्या डोक्यात तिडीक गेली ती थेट पायांत उतरली. त्यांनी बादली उचलली, तशीच हातात घेऊन जिना उतरल्या, आणि भर दुपारी बाजारपेठेतून चालत धाकट्याच्या दुकानात गेल्या.

दुकानात गर्दी होती. एका शाळेचे खेळाचे मास्तर पोरांच्या बॅटा बघत होते, दोन बायका मुलांना बूट घालून बघत होत्या. धाकटा शिडीवर चढून वरचं खोकं काढत होता. “आलीस? बस ना ताई, हे एवढं देतो,” तो वरूनच म्हणाला.

ताईंनी काउंटरवर बादली उलटी केली. फुटके चेंडू काउंटरवरून, बुटांच्या खोक्यांवरून, मास्तरांच्या पायांतून चारी दिशांना गेले.

“हे घे तुझं नाव. लावलं होतंस ना याच्यावर?”

धाकटा शिडीवरून उतरला. “ताई, आत ये. बघू आपण काय झालंय ते.”

“बघायचं काय? डोळे फुटलेत माझे? माझ्या पोरीची फायनल गेली तुझ्या या कचऱ्यामुळे. बहिणीचा हॉल आहे, काही खपवलं तरी चालतं, असंच ना?”

“दुसऱ्या कुणाची तक्रार नाही ग आली.”

“म्हणजे मी खोटी?”

“तसं नाही…”

“मास्तर,” ताई खेळाच्या मास्तरांकडे वळल्या, “तुम्ही शाळेसाठी घेताय ना? घ्या, घ्या. मुलांच्या हातात चेंडू कमी आणि टरफलं जास्त येतील. हा माझा सख्खा भाऊ आहे. मी सांगतेय म्हणजे खरंच असेल की नाही?”

मास्तरांनी हातातली बॅट हळूच खाली ठेवली. धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंग आधी चढला आणि मग पार उतरला. तो वाकला आणि जमिनीवरचे चेंडू गोळा करायला लागला. त्याचं ते न बोलणं ताईंना चोराचं मौन वाटलं, आणि त्यांनी आणखी चांगलं तोंडसुख घेतलं. वडिलांचं नाव काढलं. वडील असते तर त्यांनी तुला दुकानाची पायरी चढू दिली नसती, असंही म्हणाल्या. मग रिकामी बादली उचलून निघाल्या. रस्त्यात त्यांना फार हलकं वाटत होतं. माणूस रागात असला की त्याला आपण बरोबर असल्याची झिंग चढते, आणि ताईंना ती झिंग नेहमीच चांगली टिकायची.

खेळाच्या मास्तरांना जीभ होती आणि ओळखीही. ते ज्या ज्या शाळेत गेले तिथे सख्ख्या बहिणीची साक्ष घेऊन गेले. सीझन तोंडावर होता. शाळांनी सामान दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. महिना उलटायच्या आत भावजयीचा फोन आला. एरवी ती ताईंशी फोनवर भांडायची, त्या दिवशी भांडली नाही, आणि तेच वाईट होतं.

“दुकानात नुसते बसून असतात हो. कुणी आलं तर उठतात, नाहीतर भिंतीकडे बघतात. दुकान देऊन टाकू म्हणतात. तुम्ही एकदा येऊन जाल का?”

“मी कशाला येऊ? त्याने यावं. चुकलो म्हणावं, मी सोडून देते.”

फोन ठेवल्यावर ताईंचे यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “उदार आहेस.” हे गृहस्थ शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. तोफेशेजारी आयुष्य काढल्यामुळे कमी बोलायचे, पण बोलायचे ते कागदाच्या कडेसारखं कापायचं.

“तुम्हाला काय वाटतं, मी उगाच बोलले?”

“मला चेंडूतलं काही कळत नाही. पण तुझ्या भावाला मी ओळखतो. लग्नात त्याने माझे बूट लपवले होते आणि मी मागायच्या आधीच आणून दिले. त्याला धड लबाडी जमत नाही.”

हे ऐकून ताई जास्तच भडकल्या. ठीक आहे, म्हणाल्या, सगळ्यांसमोरच होऊन जाऊ दे. रविवारी हॉलमध्ये पालक बोलावले, सेक्रेटरी बोलावले. धाकट्याला निरोप पाठवला. तो आला नाही, पण चेंडूंचा नवा डबा पाठवून दिला. हॉलमध्ये चेंडू फेकणारं यंत्र आहे. पोरं त्याला ‘रोबो’ म्हणतात. रोबो टेबलावर चेंडू मारणार, चेंडू उसळून मागच्या लाकडी फळीवर आदळणार, खाली जाळीत पडणार आणि पुन्हा रोबोच्या पोटात जाणार. आधी एका दुकानदाराचे चेंडू, मग तेवढाच वेळ दुसऱ्याचे. कुणाला कुठे बोट ठेवायला जागा नको.

“ताई, पुसायचे ना?” उंच मुलीने सवयीने फडकं पुढे केलं.

“याचे चेंडू मी पुसू? ठेव ते. आपल्या मालाची पुसापुशी ज्याची त्याने करावी.”

दिवसभर रोबो धडाधड चेंडू मारत राहिला. संध्याकाळी दोन्हीकडचे चेंडू टेबलावर मांडले. परक्या दुकानदाराचे फुटले नव्हते, पण निम्मे अंड्यासारखे लांबट झाले होते; फिरवले की डुगडुगत. धाकट्याचे? एकही फुटला नव्हता. एकही डुगडुगत नव्हता. ताईंनी एकेक उचलला, दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. चेंडू टेबलावर सरळ उभे गरगरत होते, नुसते बघत राहावेत असे.

पालक कुजबुजले. सेक्रेटरींनी घसा साफ केला. आणि ताई? दुसरं कुणी असतं तर सुटकेचा श्वास सोडला असता. ताई संतापून लाल झाल्या.

“बघितलंत? आता बोभाटा झाल्यावर बरा चांगला माल निघाला! म्हणजे चांगला होता त्याच्याकडे. मला मुद्दाम टाकाऊ देत होता!”

त्यांनी घरी येऊन हेच दोनदा सांगितलं. यजमानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “जुन्या ऑर्डरपैकी एखादा डबा उरलाय का ग? त्यात तर त्याला आता हात घालता येणार नाही.”

उरला होता. कपाटात, सील न तोडलेला. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी ताई एकट्याच हॉलमध्ये गेल्या. आता पुरावा हातात येणार म्हणून जिना त्या दोन-दोन पायऱ्या करत चढल्या. जुना डबा उघडला, शेजारी परक्याचा डबा उघडला. आणि मग त्यांच्यातली ती जुनी, वडिलांच्या हाताखाली वाढलेली काटेकोर मुलगी जागी झाली. न्याय करायचा तर पुरता करू, त्यांनी ठरवलं. फुटत होते तेव्हा चेंडू पुसलेले असायचे, तर आजही पुसून घेऊ. आणि एकाचे पुसले तर दुसऱ्याचेही पुसायला हवेत. त्यांनी बाटली काढली, फडकं ओलं केलं, आणि दोन्ही दुकानदारांचे चेंडू मन लावून पुसले. धाकट्याच्या डब्यातले थोडे चेंडू पुसायचे राहिले, कारण फडकं कोरडं पडलं आणि बाटली संपत आली होती. ते त्यांनी वेगळे ठेवले.

रोबो चालू केला आणि त्या बाकावर बसल्या. बराच वेळ नुसतं टण, टण. मग खर्र. ताई ताडकन उठल्या. “सापडलास!” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि चेंडू जाळीतून उचलला.

त्याच्यावर परक्या दुकानदाराचा शिक्का होता.

त्यांनी तो दाबला. जोडावर केसाएवढी चीर. अगदी तशीच. पाठोपाठ दुसरा फुटला, तो धाकट्याचा. मग परक्याचे आणखी दोन. दुपार व्हायच्या आत पुसलेल्या चेंडूंची बादली भरायला लागली, दोन्ही शिक्क्यांची, भेदभाव न करता. मग ताईंनी रोबो बंद केला. जाळी रिकामी केली. धाकट्याचे न पुसलेले चेंडू रोबोच्या पोटात टाकले आणि पुन्हा बाकावर येऊन बसल्या. आता त्यांना बसवत नव्हतं, पण उठवतही नव्हतं. रोबो मारत राहिला. टण. टण. टण. खालचं छापखान्याचं मशीन जेवणाच्या सुट्टीला थांबलं तरी वर एकही चेंडू खरखरला नाही.

पांढऱ्या पेट्रोलने जुन्या सेल्युलॉइडला कधी काही झालं नव्हतं. या प्लास्टिकला ते आतून खात होतं, जोडाच्या रेघेपासून. दुसऱ्या कुणाची तक्रार नव्हती, कारण दुसरं कुणी चेंडू पेट्रोलने पुसत नव्हतं. अख्ख्या गावात हा उद्योग करणारी बाई एकच होती. आणि तिने परक्याचे चेंडू सोडून नेमके भावाचे पुसले होते, कारण ते भावाचे होते.

ताईंना राग आला. आयुष्यात पहिल्यांदा तो फेकायला त्यांना समोर कुणी मिळेना. वडिलांवर काढावा तर ते नव्हते, आणि त्यांच्या वेळी ते चुकलेही नव्हते. सेक्रेटरींवर काढावा तर बादली उचलून बाजारातून चालत जा, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. राग जागच्या जागी फिरत राहिला. त्यांनी बाटलीत उरलेलं पेट्रोल मोरीत ओतलं, फडकं भिरकावलं, तरी तो गेला नाही.

एक मात्र खरं, ताईंनी टाळाटाळ केली नाही. ज्या तोंडाने बोललो त्याच तोंडाने निस्तरायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि तेही चारचौघांत. शाळेत जाऊन त्या खेळाच्या मास्तरांना वर्गातून उठवून बाहेर आणलं. सेक्रेटरींना घरून जवळजवळ ओढून काढलं. “जेवण नंतर करा. माझं ऐकायला तेव्हा बरा वेळ होता तुम्हाला.” सगळ्यांना घेऊन त्या धाकट्याच्या दुकानात शिरल्या.

दुकानात कुणी नव्हतं. अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या. खोकी दोरीने बांधून कोपऱ्यात रचलेली होती. धाकटा स्टुलावर बसला होता. ताईंना बघून तो उभा राहिला, आणि त्याची नजर आधी त्यांच्या हातांकडे गेली, की आज काय उलटं करायला आणलंय.

ताईंनी दोन्ही प्रकारचे चेंडू काउंटरवर मांडले आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. पेट्रोल, फडकं, रोबो, सगळं. “याच्या चेंडूत काही दोष नव्हता. बाजारातला सगळ्यात चांगला चेंडू याचा. मी माझ्या हाताने नासवले आणि याच्या तोंडाला काळं फासलं. मास्तर, तुम्ही ज्या ज्या शाळेत माझं नाव सांगितलंत तिथे आता हेही माझंच नाव घेऊन सांगा. आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला समजून घ्यायची फार हौस आहे, तर हे नीट समजून घ्या.”

मास्तर ओशाळं हसले, सांगतो म्हणाले. सेक्रेटरींनी एक चेंडू फिरवून बघितला, वा वा केलं, हॉलची ऑर्डर पुन्हा इकडेच येईल म्हणाले. दोघं घाईघाईने निघून गेले. ताईंनी पदराने कपाळ पुसलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्या भावाकडे बघून थोडंसं हसल्या.

“चल. झालं एकदाचं. बायकोला फोन कर, मी जेवायलाच येते.”

“झालं?” धाकटा म्हणाला.

“म्हणजे काय?”

“झालं?” त्याचा आवाज फाटला. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाचा चढलेला आवाज ताई जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या. “तू आलीस, ओरडलीस, गेलीस. आता आलीस, पुन्हा ओरडलीस, आणि झालं? दोन्ही वेळा तूच बोललीस ताई! दोन्ही वेळा मी इथे उभा!”

“अरे, पण मी कबूल केलं ना सगळ्यांसमोर…”

“चेंडूचं कबूल केलंस! तू चेंडूंची किती चौकशी केलीस ग. दोन टोपल्या लावल्यास, रोबो लावलास, लोक बोलावलेस, जुना डबा शोधलास. माझी केलीस एकदा तरी? बाळ्या, असं कसं झालं रे, एवढं विचारलंस? परक्या दुकानदाराला विचारलं असतंस. त्याला ‘अहो’ म्हणून खुर्ची देऊन विचारलं असतंस. इतकी वर्षं ओळखतेस मला. आणि एका दुपारीत तुला खरं वाटलं, की हा मला फसवेल. वडिलांचं नाव घेऊन बोललीस. खरं वाटलं ना तुला?”

ताईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्या तोंडात उत्तर तयार असायचं. सेक्रेटरी म्हणाले म्हणून, पोरगी हरली म्हणून, बादली भरली म्हणून, अशी कितीतरी उत्तरं आत्ताही होती. त्यांनी त्यातलं एकही वापरलं नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “वाटलं.”

धाकटा काउंटरला धरून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मग त्याने काउंटरवरचे सगळे चेंडू हाताने झटकून खाली पाडले आणि पुन्हा ओरडायला लागला. गिऱ्हाइकांसमोर उभं राहून बहिणीचं ऐकताना काय वाटलं ते, बायकोसमोर काय वाटलं ते, लहानपणापासूनचं काय काय. त्याला ओरडायची सवय नव्हती. शब्द अडखळत होते, मधेच डोळे पुसत होता, वाक्यं अर्धवट सुटत होती. ताई उभ्याच राहिल्या. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

तेवढ्यात दारात एक बाई मुलाचं बोट धरून आल्या. आतला आरडाओरडा ऐकून पायरीवरच थबकल्या आणि माघारी वळल्या. धाकट्याला दिसल्या, तरी त्याने आवाज खाली आणला नाही.

ताई दाराशी गेल्या आणि त्यांना म्हणाल्या, “थांबा जरा. दुकान चालू आहे. त्याचं बोलून होऊ दे.”